कॉलेजचं ओरिएंटेशन आणि पहिल्या सेमिस्टरची विषय नोंदणी : मोबाईलवरून नीट कशी कराल?

बारावीचा निकाल लागला, कॉलेजच्या यादीत नाव आलं, घरी पेढे वाटून झाले. आता पुढे काय? शाहूवाडी तालुक्यातल्या बहुतेक मुलामुलींचं उत्तर एकच असतं: 'कॉलेज सुरू झालं की जायचं.' पण आजकाल कॉलेज सुरू व्हायच्या आधीच निम्मं कॉलेज मोबाईलवर होऊन जातं. विषय निवडायचे, क्रेडिट जुळवायचे, आयडी काढायचा, फी भरायची, ओरिएंटेशनची तारीख बघायची. यातलं एखादं काम राहिलं तर ते लगेच कळत नाही. कळतं ते डिसेंबरमध्ये, परीक्षेचा अर्ज भरताना.

मी स्वतः मलकापूरकडच्या एका वाडीतून कोल्हापूरला इंजिनिअरिंगला गेलो. ओरिएंटेशनच्या दिवशी पाऊस कोसळत होता, सकाळची एसटी आलीच नाही. म्हटलं, नुसती भाषणंच असणार, राहू दे. त्या दिवशी वर्गात प्रत्येकाला आपल्या नोंदीची छापील प्रत तपासायला दिली होती, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते सापडलं थेट परीक्षेच्या अर्जाच्या वेळी. दुरुस्तीसाठी ऑफिसात तीन खेपा, वर लेट फी. एका दिवसाचा कंटाळा मला एवढ्यात पडला. म्हणून हा लेख.

आधी चार शब्द वेगळे करा

बहुतेक घोळ होतो तो या चार गोष्टी एकच समजल्यामुळे.

१. प्रवेश निश्चिती : तुम्हाला मिळालेली जागा फी भरून, कागदपत्रं दाखवून पक्की करणं.

२. विद्यापीठ नोंदणी : कॉलेज तुमची माहिती विद्यापीठाकडे पाठवतं आणि तुम्हाला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन मिळतो. पदवी संपेपर्यंत हाच नंबर चालतो. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे हा नंबर तिथून येतो.

३. विषय नोंदणी : या सेमिस्टरला तुम्ही नेमके कोणते विषय शिकणार, ते निवडून पक्कं करणं.

४. परीक्षा अर्ज : सेमिस्टरच्या शेवटाकडे भरायचा वेगळा अर्ज. विषय नोंदणी केली म्हणजे परीक्षा अर्ज भरला, असं होत नाही.

प्रवेशाची पावती हातात आहे म्हणून बाकीची तीन कामं आपोआप होतील, असं समजू नका. प्रत्येक कामाची वेगळी तारीख आणि वेगळी पावती असते.

ओरिएंटेशन म्हणजे काय? तारीख आपण निवडायची का?

ओरिएंटेशन, इंडक्शन, स्वागत समारंभ, दीक्षारंभ ही साधारण एकाच गोष्टीची नावं. नव्या विद्यार्थ्याला कॉलेज, नियम, शिक्षक आणि सोबती यांची ओळख करून द्यायची. इंजिनिअरिंगसाठी एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम ठरवून दिला आहे. बाकी पदवी अभ्यासक्रमांसाठी यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. प्रत्यक्षात कुठे तीन आठवडे चालतं, तर कुठे दोन दिवसांत उरकतात.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत उन्हाळ्यात ओरिएंटेशनच्या अनेक तारखा असतात. त्यातली एक विद्यार्थी स्वतः निवडतो आणि त्याच दिवशी सल्लागारासोबत बसून विषय नोंदवतो. तिथे लवकरची तारीख घेतली तर हवे ते वर्ग मिळण्याची शक्यता जास्त, कारण जागा मोजक्या असतात. आपल्याकडे सहसा कॉलेजच शाखेनुसार किंवा तुकडीनुसार तारीख देतं. तरी निवडीची वेळ तीन ठिकाणी येते: कागदपत्रं तपासायला कधी जायचं, एकापेक्षा जास्त तुकड्या असतील तर कुठल्या तुकडीला बसायचं, आणि ऐच्छिक विषयांचं पोर्टल उघडल्यावर कधी भरायचं.

निवड हातात असेल तर हे बघा:

- शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाची तारीख घ्या. काही कागद कमी पडला तर तो आणायला दिवस उरतात. शेवटची तारीख घेतली आणि उत्पन्नाचा दाखला राहिला, तर परत शाहूवाडीला तहसील कार्यालयात जाऊन यायला वेळच नसतो.
- पावसाचा विचार करा. आपली प्रवेशाची धावपळ नेमकी जून ते ऑगस्टमध्ये येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने रस्ते बंद झाले होते, हे आपण विसरलेलो नाही. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलं की वडापही थांबतं आणि एसटीही. सकाळी नऊचं ओरिएंटेशन असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर मुक्काम करणं शहाणपणाचं.
- ज्या दिवशी दुसऱ्या फेरीचा किंवा दुसऱ्या कॉलेजचा निकाल आहे, तो दिवस टाळा. नेट, फोन आणि डोकं तिन्ही एकाच वेळी दोन ठिकाणी चालत नाहीत.
- जायला जमणारच नसेल तर आधी कळवा. वर्गशिक्षक किंवा विभागाच्या ऑफिसला मेसेज करा, आणि दुसऱ्या तुकडीसोबत बसता येईल का विचारा. बहुतेक ठिकाणी 'हो' म्हणतात. न कळवता गैरहजर राहिलात तर मात्र तुम्हाला शोधायला कोणी येत नाही.

ओरिएंटेशनला गेल्यावर पाच गोष्टी घेतल्याशिवाय परत येऊ नका: तुकडी आणि रोल नंबर, वेळापत्रक, वर्गशिक्षक किंवा मेंटॉरचा संपर्क, अधिकृत ग्रुपची लिंक, आणि स्वतःच्या नोंदीची तपासलेली प्रत.

मोबाईलमध्ये आधी ही तयारी करा

डिजिलॉकर. २०१५ पासून चालू असलेलं हे सरकारी ॲप आहे. यात दोन प्रकारची कागदपत्रं असतात आणि फरक कळला पाहिजे. 'इश्यूड' म्हणजे बोर्डाने किंवा सरकारी खात्याने थेट पाठवलेली. ती कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. 'अपलोडेड' म्हणजे तुम्ही स्वतः फोटो काढून टाकलेली. ती नुसती साठवण आहे. दहावी-बारावीची गुणपत्रिका 'इश्यूड' मध्ये आणून ठेवा.

एबीसी आयडी. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली व्यवस्था. सोप्या भाषेत सांगायचं तर क्रेडिटचं बँक खातं. परीक्षा पास झालात की विद्यापीठ तुमच्या खात्यात त्या विषयाची क्रेडिट जमा करतं. कॉलेज बदललं किंवा मध्ये शिक्षण थांबलं तरी ती खात्यात राहतात. साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आयडी १२ अंकी असतो आणि आता 'अपार' या नावानेही ओळखला जातो. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून 'अपार' किंवा 'एबीसी' शोधा, संस्थेचं नाव निवडा, आयडी तयार होतो. पैसे लागत नाहीत. कोणी या कामाचे शंभर-दोनशे मागत असेल तर ते त्याच्या श्रमाचे, सरकारचे नाहीत.

आधारला चालू मोबाईल नंबर. ओटीपी त्याच नंबरवर येतो. घरातल्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा नंबर आधारला असेल तर तो आधी आधार केंद्रात जाऊन बदला. हे काम ऑनलाईन घरबसल्या होईल अशा भरवशावर राहू नका.

एकच ईमेल, स्वतःचा. नेट कॅफेवाल्या दादाने घाईत स्वतःचा ईमेल टाकून अर्ज भरला, असं आपल्याकडे सर्रास होतं. मग पासवर्ड विसरला की लिंक त्याच्या ईमेलवर जाते. अर्ज कुठेही भरा, पण ईमेल आणि मोबाईल नंबर तुमचाच असू द्या. पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवला तरी चालेल, ग्रुपवर टाकू नका.

फोटो, सही आणि कागदांच्या फाईल. मोबाईलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि अर्जाला लागतो काहीशे केबीचा. म्हणून फाईल 'अपलोड फेल' दाखवते. गुगल ड्राईव्हमधला स्कॅन पर्याय वापरून कागदाची पीडीएफ बनवा, आणि फोटो लहान करून वेगळा ठेवा. फाईलचं नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे असं न ठेवता 'बारावी गुणपत्रिका', 'उत्पन्न दाखला' असं ठेवा. घाईत चुकीची फाईल चढवणं इथेच थांबतं.

विषय निवडताना : क्रेडिटचं गणित

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीचा अभ्यासक्रम क्रेडिटवर चालतो. लेक्चरच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास. प्रॅक्टिकलच्या विषयात एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा लेक्चरचा विषय म्हणजे ६० तास. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट घ्यायची असतात.

पूर्ण चित्र असं:

- पहिलं वर्ष : ४० ते ४४ क्रेडिट. अटी पूर्ण करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र.
- दुसरं वर्ष : एकूण ८० ते ८८. पदविका.
- तिसरं वर्ष : एकूण १२० ते १३२. पदवी.
- चौथं वर्ष : एकूण १६० ते १७६. ऑनर्स पदवी.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना नुसती क्रेडिट पुरत नाहीत, कौशल्याचा ठरवून दिलेला जादा भाग करावा लागतो. म्हणून 'वर्षभर शिकलं की सर्टिफिकेट मिळतंच' हे खरं नाही.

आता पोर्टलवर दिसणारी लघुरूपं. पहिल्यांदा बघितलं की डोकं गरगरतं, पण अर्थ सोपा आहे.

- मेजर किंवा डीएससी : तुमचा मुख्य विषय. पदवी याच विषयात.
- मायनर : जोडीचा दुय्यम विषय.
- ओई : ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे तुमच्या विद्याशाखेबाहेरचा विषय. सायन्सवाल्याने कॉमर्स किंवा आर्ट्सकडचा घ्यायचा.
- व्हीएससी आणि एसईसी : हाताला काम शिकवणारे कौशल्याचे विषय.
- एईसी : भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांसारख्या.
- व्हीईसी : मूल्यशिक्षण, पर्यावरण, संविधान अशा प्रकारचे विषय.
- आयकेएस : भारतीय ज्ञानपरंपरा.
- सीसी : एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक.

काही अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकवतात आणि मेजर दुसऱ्या वर्षी ठरवायचा असतो. काही ठिकाणी मेजर पहिल्या दिवसापासून पक्का असतो. तुमच्याकडे यातलं काय आहे, हा प्रश्न ओरिएंटेशनला सगळ्यात आधी विचारा. कारण पहिल्या प्रकारात, पहिल्या वर्षी न घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून मिळणं अवघड असतं. समजा तुम्हाला पुढे जाऊन संख्याशास्त्रात पदवी हवी आहे आणि पहिल्या सेमिस्टरला 'गणित जड जाईल' म्हणून मित्रासोबत दुसराच गट घेतला, तर ते दार एका क्लिकमध्ये बंद होतं.

इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी मात्र पहिल्या सेमिस्टरला फार निवड शोधू नये. तिथे बहुतेक विषय ठरलेले असतात, आणि बऱ्याच कॉलेजांत अर्ध्या मुलांना आधी फिजिक्सचा गट, अर्ध्यांना केमिस्ट्रीचा गट मिळतो. दुसऱ्या सेमिस्टरला अदलाबदल होते. 'मला चुकीचे विषय आलेत' म्हणून घाबरू नका.

निवड करताना चार प्रश्न स्वतःला विचारा:

१. हा विषय पुढच्या सेमिस्टरला चालू राहणार की इथेच संपणार?
२. याचं लेक्चर किती वाजता? गावाकडून रोज ये-जा करणाऱ्याला संध्याकाळी साडेपाचचं प्रॅक्टिकल परवडणार का? कोल्हापूर ते मलकापूर अंतर साधारण ४५ ते ५० किलोमीटर, म्हणजे पावसात दीड तास सहज. शेवटची एसटी चुकली तर?
३. परीक्षा लेखी की प्रकल्प? लॅपटॉप लागणार का? घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब किती वेळ उघडी असते?
४. मित्र घेतोय म्हणून घेतोय, की मला हवाय म्हणून?

चौथ्या प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःलाच द्यायचं आहे. दोस्ती कँटीनमध्ये पण टिकते, त्यासाठी एकच ओई लागत नाही.

पोर्टलवर नोंदणी करताना : पायरीपायरीने

पायरी १. कॉलेजच्या वेबसाईटवरूनच पोर्टल उघडा. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून नाही.

पायरी २. लॉगिन झाल्यावर आधी 'प्रोफाईल' बघा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग. चूक असेल तर पुढे जाण्याआधी ऑफिसला कळवा.

पायरी ३. विषयांची यादी उघडली की प्रत्येक विषयाचा सांकेतांक, म्हणजे कोड, वहीत लिहा. एकाच नावाचे दोन विषय असू शकतात. एक लेक्चरचा, एक प्रॅक्टिकलचा. कोड वेगळा असतो.

पायरी ४. पहिल्या पसंतीसोबत दुसरी आणि तिसरी पसंतीही आधीच ठरवून ठेवा. ओईच्या जागा भरल्या की यादीतून विषय गायब होतो आणि तिथे विचार करत बसायला वेळ नसतो.

पायरी ५. एकूण क्रेडिटची बेरीज करा. ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी किंवा जास्त असेल तर काहीतरी चुकलंय.

पायरी ६. 'सेव्ह' आणि 'सबमिट' यात फरक आहे. सेव्ह म्हणजे कच्चं. सबमिट किंवा 'फायनल सबमिट' म्हणजे पक्कं. कितीतरी मुलं सेव्ह करून निवांत होतात आणि नोंदणी झालेलीच नसते.

पायरी ७. पावतीची पीडीएफ डाऊनलोड करा. स्क्रीनशॉट वेगळा घ्या, स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. प्रिंट मागतात म्हणून मलकापुरात झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती काढून ठेवा.

पोर्टल अडकतं का आणि तेव्हा काय करायचं?

हा माझ्या रोजच्या कामातला भाग, म्हणून थोडं सविस्तर.

सर्व्हर म्हणजे शेवटी एक खिडकी. दिवसभर पाच-दहा जण येतात तेव्हा सगळं सुरळीत चालतं. शेवटच्या रात्री अकरा वाजता सगळा जिल्हा त्याच खिडकीवर येतो. मग पान उघडत नाही, ओटीपी उशिरा येतो, अर्धवट भरलेलं पुसलं जातं. यावर उपाय तंत्राचा नाही, वेळेचा आहे: शेवटच्या दिवसाच्या आधी भरा, आणि शक्यतो पहाटे किंवा सकाळी लवकर.

'सेशन एक्स्पायर्ड' का येतं? लॉगिन केल्यावर सर्व्हर तुम्हाला ठरावीक वेळेचा एक पास देतो. काही मिनिटं हालचाल झाली नाही की पास रद्द. म्हणून सगळी माहिती आधी वहीत तयार ठेवा, मग लॉगिन करा. फॉर्म उघडा ठेवून आईला प्रवर्गाचा दाखला शोधायला सांगू नका.

दोन टॅबमध्ये एकच अर्ज उघडू नका. एका टॅबमधली माहिती दुसऱ्यात मिसळते. भावाबहिणीचे अर्ज एकाच फोनवर भरत असाल तर एकाचा पूर्ण करून लॉगआऊट करा, मगच दुसरा.

घाटाकडच्या गावांत रेंज जाते-येते. अशा वेळी अर्ज भरताना जागा बदलत फिरू नका. रेंज स्थिर असलेली एक जागा शोधून बसा, नाहीतर सरळ तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्रात जा. यात कमीपणा काही नाही.

पैसे कापले, पण पावती आली नाही?

घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी हे करा:

- यूपीआय ॲपमध्ये व्यवहार 'सक्सेस', 'पेंडिंग' की 'फेल' ते बघा. १२ अंकी व्यवहार क्रमांक लिहून घ्या.
- पोर्टलवर 'पेमेंट स्टेटस' किंवा 'व्हेरिफाय पेमेंट' असं बटण असतं, ते दाबा. बऱ्याच वेळा तिथेच काम होतं.
- तरीही नाही झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला किंवा संस्थेला केलेल्या अशा अडकलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.
- फी भरायची शेवटची तारीख आजच असेल तर स्क्रीनशॉटसह कॉलेजच्या ऑफिसला ईमेल करा. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही, ईमेल राहतो.

पैसे भरताना पान 'रिफ्रेश' करू नका आणि मागे जायचं बटण दाबू नका. बँकेकडून पोर्टलकडे निरोप जायचा असतो, तो अर्ध्या वाटेत तुटतो.

नावाचा घोळ : सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं असतं. आधारवर बहुतेक वेळा नाव आधी आणि आडनाव शेवटी. माणसाला दोन्ही एकच वाटतात. संगणक मात्र अक्षर अन् अक्षर जुळवून बघतो. एका ठिकाणी 'दीपक' मध्ये इंग्रजी दोन ई, दुसऱ्या ठिकाणी एकच आय, झालं. दोन वेगळी माणसं! एबीसी आयडी विद्यापीठाच्या नोंदीशी न जुळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

नियम एकच धरा: शिक्षणाच्या सगळ्या नोंदी दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे ठेवा. आधारवरचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधार दुरुस्त करा, ते तुलनेने सोपं आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेतच चूक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे करावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज द्या.

खोट्या लिंक आणि 'सीट पक्की करून देतो'वाले

निकालानंतरचे दोन महिने हा फसवणाऱ्यांचा सीझन असतो. ओळखायच्या खुणा:

- पत्त्याच्या शेवटी 'डॉट एसी डॉट इन' किंवा 'डॉट ईडीयू डॉट इन' असेल तर तो फक्त शैक्षणिक संस्थांनाच मिळतो. सरकारी साईट 'डॉट गव्ह डॉट इन' वर संपते. सगळीच कॉलेजं हे वापरत नाहीत, पण अनोळखी पत्ता दिसला की कॉलेजला फोन करून खात्री करा.
- फी कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील तर थांबा. पैसे भरताना स्क्रीनवर नाव संस्थेचंच दिसलं पाहिजे.
- पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'स्कॉलरशिप जमा करतोय, पिन टाका' म्हणणारा चोरच.
- ॲपची फाईल ग्रुपवर पाठवून 'हे कॉलेजचं ॲप इन्स्टॉल करा' म्हणत असतील तर करू नका.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

कॉलेज बदलायचं ठरलं तर?

एका ठिकाणी फी भरली आणि नंतर दुसरीकडे हवा तो नंबर लागला, असं होतं. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार परतावा असा आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी सांगितलं तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात), त्या शेवटच्या १५ दिवसांत सांगितलं तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. काही वर्षी यूजीसी यापेक्षा सवलतीच्या तारखा जाहीर करते, त्या बघा. सीईटी सेलच्या कॅप फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला त्यांचे वेगळे नियम लागू होतात.

आणखी एक महत्त्वाचं: मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून परत द्यायचे असतात. ते अडवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. प्रवेश रद्द करताना अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या.

पहिल्याच आठवड्यात उरकायची बाकीची कामं

- महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. खुल्या प्रवर्गातल्या, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. घरच्यांना हे माहीत नसतं म्हणून मुलीची शाखा बदलू देऊ नका.
- बँक खातं आधारला 'लिंक' असणं आणि 'सीडिंग' असणं वेगळं. शिष्यवृत्ती सीडिंग असलेल्या खात्यातच जाते, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. आधारच्या साईटवर ते तपासता येतं.
- रॅगिंगविरोधी हमीपत्र. यूजीसीच्या पोर्टलवर विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाईन भरायचं. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.
- एसटीचा पास. कॉलेजचं बोनाफाईड दिलं की तिकिटाच्या सुमारे एक तृतीयांश रकमेत महिन्याचा पास मिळतो.
- वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून खेड्यातल्या पोरांना राहायला जागा देण्याची या शहराची परंपरा आहे. वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं आणि सरकारी वसतिगृहं आजही आहेत. अर्ज लवकर भरतात, वर्ग सुरू झाल्यावर विचारू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओरिएंटेशन बुडलं तर प्रवेश रद्द होतो का?
नुसत्या त्या कारणाने सहसा होत नाही. पण तिथे झालेली तपासणी, तुकडी आणि सूचना तुम्हाला स्वतः गाठाव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी विभागात जाऊन भेटा.

चुकीचा विषय सबमिट झाला, आता?
बहुतेक कॉलेजं सुरुवातीचे काही दिवस बदलाची मुभा देतात. लेखी अर्ज करा. कॉलेजने माहिती विद्यापीठाकडे पाठवल्यावर बदल फार अवघड होतो.

एबीसी आयडी नसेल तर चालेल का?
वर्गात बसता येईल, पण क्रेडिट जमा व्हायला आणि परीक्षेच्या कामाला अडचण येते. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

हजेरी किती लागते?
साधारणपणे ७५ टक्के. उशिरा प्रवेश झाला असेल तर हजेरी कुठल्या तारखेपासून धरतात, ते विचारून घ्या.

माझ्याकडे स्मार्टफोन नाही, घरात एकच आहे.
कॉलेजच्या ग्रंथालयातला किंवा लॅबमधला संगणक वापरू द्या म्हणून विचारा. ओटीपीसाठी घरचा नंबर द्या, पण त्या दिवशी तो फोन घरात कोणाकडे आहे ते सांगून ठेवा. बाबा शेतावर आणि ओटीपी त्यांच्या खिशात, असं होऊ देऊ नका.

शेवटी, वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा

पीआरएन. एबीसी आयडी. पोर्टलचा यूजरनेम. विषयांचे कोड आणि एकूण क्रेडिट. फीचा व्यवहार क्रमांक. वर्गशिक्षकांचा नंबर. परीक्षा अर्जाची तारीख, कळेल तेव्हा.

हे एक पान भरलेलं असलं की पहिलं सेमिस्टर कागदांच्या मागे पळण्यात जात नाही, अभ्यासाला आणि कोल्हापूर बघायला वेळ उरतो. आणि ओरिएंटेशनला जा. पाऊस असला तरी. एसटी नाही आली तर वडाप बघा, पण जा.